देवळाचा ध्वज फिरला त्या आठवड्यात: बडोद्यातल्या दोन वासरांचं प्रकरण

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पुजारीकाकांचा फोन आला, तेव्हा मी दुसऱ्याच एका गोठ्यात अडलेल्या गायीपाशी होते. हात कोपरापर्यंत आत. गोठेवाल्याच्या मुलाने फोन माझ्या कानाला धरला. "डॉक्टरीणबाई, दोन वासरं पडली. एक गेलंच. दुसरं पाय झाडतंय. हातातलं आटपून या."

तलावाचं नाव लिहीत नाही. बडोद्याच्या कडेला असे बरेच तलाव आहेत: एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्यांची भिंत, मध्ये पाणी. या तलावाच्या नैर्ऋत्य काठावर एका मराठी कुटुंबाकडे चालत आलेलं दत्ताचं देऊळ आहे आणि देवळामागे आठ-दहा जनावरांचा गोठा. मी पोचले तोवर दुसरं वासरूही गेलं होतं. एक काळी-पांढरी संकरित कालवड उभी होती, पण मान खाली, कान गार आणि रवंथ बंद.

दहा-बारा माणसं जमली होती आणि निदान तयार होतं. एकजण म्हणाला मगर. बडोद्यात तलावाकाठी काहीही मेलं की पहिलं नाव मगरीचं येतं, आणि मगरींच्या विश्वामित्री नदीकाठच्या या शहरात ते अगदीच चूक नाही. पण वासरं गोठ्यात मेली होती, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. दुसरा म्हणाला साप. तिसऱ्याने आवाज खाली आणून शेजाऱ्याचं नाव घेतलं.

अचानक मेलेलं जनावर लगेच फाडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असेल तर शव उघडताच त्याचे बीजाणू तयार होऊन त्या मातीत वर्षानुवर्षं राहतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, दवाखान्यात जाऊन रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फाशीचे दंडाणू नव्हते. घटसर्पाचेही नव्हते. मग परत येऊन वासरू उघडलं.

यकृत बघून मी थांबलेच. निरोगी यकृताची कडा सुरीसारखी पातळ असते, ही गोल झाली होती, अवयव फुगून काळपट लाल झालेला. सुरी लावली तर कापल्यासारखं वाटेना, भिजलेला स्पंज दाबावा तसं रक्त वाहू लागलं. बाकी अवयव फिकट. वासराचं रक्त त्याच्याच यकृतात साठून राहिलं होतं. रक्ताचा रंग चॉकलेटी नव्हता, म्हणजे नायट्रेटची विषबाधा नाही. लालभडक नव्हता, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं सायनाइड नाही. लाळ, जुलाब, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या यांतलं काकांनी काही पाहिलं नव्हतं, त्यामुळे कीटकनाशकही मागे पडलं. घाणेरी (टणटणी) यकृतच बिघडवते आणि बांधावर ती होतीही भरपूर. पण घाणेरीचं जनावर कित्येक दिवस कुढतं, पिवळं पडतं. एका सकाळीत मरत नाही.

मग नाकपुडीकडे लक्ष गेलं. मुसक्याच्या वरच्या केसांत काहीतरी वाळून चिकटलं होतं: हिरवा पापुद्रा, कडेला निळसर, दरवाजाला ऑइलपेंट मारताना हाताला लागून वाळावा तसा. पुढच्या पायांवर गुडघ्याखाली तसाच पट्टा. दुसऱ्या वासरालाही तेच. कालवडीच्या फक्त ओठांवर.

"काका, काल रात्रीपासून रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं?"

काकांनी बराच विचार केला. काही वेगळं नाही, कोजागिरी होती एवढंच. दीडशे माणूस दूध प्यायला होतं. रात्री पातेली घासायला बोअरचं पाणी संपलं, हौद कोरडा राहिला. सकाळी मोठ्या गायी गुराखी घेऊन गेला आणि वासरं तहानलेली म्हणून साडेसहाला घाटावर सोडली. "लील होती पाण्यावर, पण ती तर गणपतीपासून आहे," काका म्हणाले. काका बडोद्यातच वाढलेले, त्यांच्या तोंडी शेवाळ कधी येत नाही, लीलच येते.

घाटावर

घाटाच्या शेवटच्या पायरीला लागून चार-पाच हात रुंदीची साय होती. पोपटी-हिरवी, जाड, वर सुरकुत्या. दगडाला टेकली होती तिथे ती मरून निळी पडली होती, जुन्या पाटीच्या निळ्या रंगासारखी. हा निळा महत्त्वाचा. साध्या हिरव्या शेवाळात तो नसतो. सायनोबॅक्टेरिया, ज्यांना आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो पण जे खरं तर जिवाणू आहेत, त्यांच्या पेशी फुटल्या की फायकोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य पाण्यात उतरतं. त्या निळ्या पट्ट्याचा अर्थ एवढाच की पेशींच्या आत जे होतं ते आता बाहेर आलं आहे.

काडी बुडवली. तंतूंचं शेवाळ असतं तर केसांसारखं लोंबलं असतं. काडी रंगाच्या डब्यातून काढल्यासारखी बाहेर आली.

पंधरा पावलं बाजूला गेले तर पाणी जवळजवळ स्वच्छ. समोरच्या, सोसायटीच्या काठाला दुर्बिणीतून पाहिलं, तिथेही काही नाही. मग गणपतीपासून असलेली लील महिनाभर होती कुठे?

उत्तर डोक्यावर होतं. देवळाच्या कळसावरचा ध्वज तलावाकडे पाठ करून, म्हणजे नैर्ऋत्येकडे हलकेच वळला होता. पावसाळाभर बडोद्यात वारा नैर्ऋत्येचा. तेव्हा हाच ध्वज तलावावरून सोसायटीकडे फडफडत असतो आणि पाण्यावर जे तरंगतं ते पलीकडच्या भिंतीशी जाऊन साचतं. सप्टेंबरात सोसायटीवाल्यांनी वासाची तक्रार केली होती, 'निर्माल्य कुजतंय' म्हणून ती मिटवली गेली. पाऊस परतला, वारा पडला, सकाळची मंद झुळूक ईशान्येकडून येऊ लागली आणि सगळी साय आठवड्याभरात देवळाच्या घाटाला आली. तलावात नवीन काही घडलं नव्हतं. विषाने काठ बदलला होता, आणि त्याच आठवड्यात हौद कोरडा पडला.

मला हे सुचलं ते काही माझ्या हुशारीने नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस याने 'नेचर'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. वाऱ्याने काठाशी ढकललेली, हिरव्या ऑइलपेंटसारखी दोन ते सहा इंच जाडीची साय, आणि ती पिऊन मेलेले घोडे, मेंढ्या, कुत्री, डुकरं. तिथला जिवाणू वेगळा, नोड्युलारिया. पण वाऱ्याचा खेळ तोच. या विषाबद्दलच्या पहिल्या शास्त्रीय नोंदींपैकी ही एक, आणि तिच्यातच काठ आणि वारा आहे. नंतरच्या पुष्कळ अहवालांतून तो गळला.

आत्याचं डायनिंग टेबल

बाटलीतलं पाणी घेऊन मी दांडिया बाजारात आत्याकडे गेले. तिने जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सूक्ष्मदर्शक घरी आणला, जो लोणच्याच्या बरण्यांशेजारी असतो. काचपट्टी लावून ती म्हणाली, "मायक्रोसिस्टिस. निळ्या-हिरव्या शेवाळातलंच एक. बघ, ढगासारखे पुंजके, मध्ये भोकं, आणि प्रत्येक पेशीत काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे हवा."

मग म्हणाली, "थांब, गंमत दाखवते." काचेची जाड बाटली हिरव्या पाण्याने काठोकाठ भरली, हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, बूच घट्ट बसवलं, बाटली फडक्यात गुंडाळून पोलपाटावर ठेवली आणि बत्त्याने बुचावर एकच ठोका दिला. फडकं काढलं. दुधाळ पोपटी पाणी गडद, जरा पारदर्शक हिरवं झालं होतं आणि बघता बघता हिरवा गाळ तळाशी जायला लागला. शेजारची, ठोका न दिलेली बाटली तशीच होती, वर साय धरून.

हा प्रयोग जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेबान यांनी १८९५ साली केलेला. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत प्रथिनांच्या भिंतीच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या असतात, वायुपुटिका. त्यांत हवा, म्हणून पेशी तरंगते. अचानक दाब पडला की नळ्या चेपतात आणि तरंगणं संपतं.

तलावात बत्ता नसतो, तिथे पिष्टमय साठा वजन घालतो. दिवसभर उन्हात पेशी साखर बनवते, ती साठवून जड होते आणि खाली जाते. रात्री तीच साखर खर्च करून हलकी होते, वर येते. त्यातून वारा नसलेली रात्र असेल तर पहाटेपर्यंत खालपासूनची सगळी गर्दी पृष्ठभागावर जमते आणि पहिली झुळूक तिला एका काठाला लोटते. काही मीटर खोलीत पसरलेलं पीक सकाळी काही सेंटिमीटर सायीत येतं, म्हणून सायीतलं विष मधल्या पाण्याच्या हजारपट, कधी त्याहूनही जास्त असू शकतं. जगभर अशा सायींत लिटरमागे काही मिलिग्रॅम विष मोजलं गेलंय. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजाराचा फरक, हे इथे विसरून चालत नाही.

वासरू खोल पाण्यात जात नाही. काठावर उभं राहून वरवरचं पितं, म्हणजे नेमकी सायच.

आत्याने एक गोष्ट बजावली. "मायक्रोसिस्टिस दिसलं म्हणजे विष आहेच असं नाही हं. विषारी आणि बिनविषारी वाण दिसायला सारखेच, एकाच पुंजक्यांच्या गर्दीत एकत्र राहतात. प्रयोगशाळेत पाठव." पाठवलं: सायीचं पाणी, मधलं पाणी, यकृताचा एक तुकडा बर्फात आणि एक फॉर्मलिनमध्ये.

यकृतच का

मायक्रोसिस्टिसचं विष, मायक्रोसिस्टिन, हे सात अमिनो आम्लांचं एक कडं आहे. साध्या पेशीत ते सहजी शिरत नाही. यकृताच्या पेशीला मात्र पित्तक्षार आत घ्यायला खास दारं असतात आणि या कड्याला त्या दारांतून आत जाता येतं. आत गेल्यावर ते प्रोटीन फॉस्फटेज १ आणि २ए या विकरांना बांधून निकामी करतं. पेशीचा आतला सांगाडा त्यामुळे कोसळतो, पेशी आक्रसतात, एकमेकींचा हात सोडतात. मधल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती उरत नाहीत, रक्त यकृतात झिरपत राहतं आणि जनावर रक्तदाब कोसळून मरतं, कधी काही तासांत. काकांना मी सांगितलं की भिंतीच्या विटा फुटल्या नाहीत, विटांमधला चुना विरघळला.

काकांनी विचारलं, "पाणी उकळून दिलं असतं तर?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. उकळल्याने जिवाणू मरतात, पेशी फुटतात आणि विष पाण्यात मोकळं होतं. ते स्वतः उष्णतेने मोडत नाही. पाणी आटलं तर उलट तीव्र होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यात हे विष सापडलं, तेव्हा सुमारे चार-पाच लाख लोकांना 'नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका' असं सांगावं लागलं होतं. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली डायलिसिसच्या पाण्यातून ते थेट रक्तात गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. तोंडावाटे गेलेल्या विषाला निदान आतड्याचा अडसर असतो. डायलिसिसमध्ये तोही नव्हता.

याला उतारा नाही. कालवडीला कोळशाची पूड पाजली, सलाइन, ग्लुकोज दिलं, गोठ्याच्या सर्वात अंधाऱ्या कोपऱ्यात बांधली. ती जगली. पण तिसऱ्या दिवशी कोणीतरी दया येऊन तिला उन्हात सोडलं, आणि आठवड्याभरात तिच्या पाठीवर जो प्रकार झाला तो मी विद्यार्थ्यांना दाखवायला फोटो काढून ठेवलाय. पांढऱ्या ठिगळांवरची कातडी सुजून, तडकून कागदासारखी सुटली, काळी ठिगळं शाबूत. अगदी सीमेवर, कात्रीने कापल्यासारखं. चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात फायलोएरिथ्रिन बनतं, निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत थकलं की ते कातडीत पोचतं आणि ऊन लागलं की जाळतं. काळ्या कातडीला रंगाची ढाल असते. दृष्ट लागली म्हणून तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला गेला, ते मी काढायला लावलं नाही.

दुपारचा अहवाल

दरम्यान काकांनी रीतसर तक्रार केली होती. एका कार्यालयातून माणसं आली, भर दुपारी साडेबाराला. होडीतून तलावाच्या मध्यावर गेली, बाटली भरली, परत गेली. अहवालात पाणी ठीक होतं. विरघळलेला ऑक्सिजन तर 'उत्तम'.

मला त्या माणसांचा राग नाही. त्यांच्या छापील तक्त्यात विषाचा रकानाच नव्हता. पण त्या एका बाटलीत तीन चुका होत्या. वेळ दुपारची, म्हणजे पेशी खाली गेलेल्या आणि वाऱ्याने पाणी ढवळलेलं. जागा मध्य, म्हणजे साय जिथे नसते ती. आणि ऑक्सिजन उत्तम होता तो शेवाळामुळेच: लक्षावधी पेशी उन्हात प्रकाशसंश्लेषण करत असताना दुपारी तो चढणारच. त्याच पाण्यात पहाटे मोजला असता तर रात्रभराच्या श्वसनाने तळ गाठलेला दिसला असता. आजाराच्या लक्षणाला तब्येतीचा पुरावा मानलं गेलं.

आमचे नमुने आले. मधलं पाणी कार्यालयाच्या म्हणण्याप्रमाणे खरंच मर्यादेत होतं. सकाळी सात वाजता घाटावरून घेतलेलं पाणी विष मोजायच्या एलायझा किटच्या वरच्या मापाबाहेर गेलं. ते माप लिटरला ५ मायक्रोग्रॅमचं, त्यामुळे प्रयोगशाळेला नमुना पुन्हा पुन्हा पातळ करावा लागला. दोन्ही अहवाल खरे होते, एकाच तलावाचे, सकाळ-दुपारच्या आणि काहीशे पावलांच्या अंतरावरचे. यकृताच्या छेदात पेशी एकमेकींपासून सुटलेल्या आणि मध्ये रक्ताची तळी, अगदी पुस्तकातल्यासारखी.

मोरचूद

मग उपाय सुचवायला गर्दी झाली. सर्वात जोरात मागणी होती मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायची. द्राक्षबागेत चालतं, पोहण्याच्या टाकीत चालतं, इथे का नको? शेवाळ दोन दिवसांत मरतं, हे खरं आहे. त्यातच धोका आहे. जिवंत पेशी बहुतेक विष स्वतःच्या आत धरून ठेवते. मोरचुदाने सगळ्या पेशी एकदम फुटल्या की ते विष साऱ्या तलावात विरघळतं, जिथे ना साय दिसते ना निळा पट्टा. पाणी स्वच्छ दिसेल आणि वाईट असेल. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ साली नेमकं हेच झालं. धरणाच्या पाण्यात मोरचूद टाकला, त्यानंतर १४८ जण आजारी पडले आणि त्यांत १३८ मुलं होती. तिथला जिवाणू वेगळा, विषही वेगळं, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन; धडा मात्र इथेही लागू होता. बैठकीत मी हे सांगितलं. एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, तुम्ही गुरांच्या डॉक्टर ना?" मी हो म्हटलं आणि आकडे परत सांगितले. मोरचूद टळला.

घाटाला तारेचं कुंपण घातलं. हौदाला तरंगता कॉक बसवला, म्हणजे तो कधी कोरडा पडणार नाही. पहाटे साय असताना ती कापडाच्या झोळीने काठावरून उपसून दूर खड्ड्यात पुरायची, हातमोजे घालून. एवढंच तातडीचं.

उरलं खत. तलावाला हिरवं करायला काय लागतं याचा सर्वात बोलका प्रयोग कॅनडात १९७३ साली झाला. सरोवर क्र. २२६ मध्ये पडदा लावून दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन दिला, एकीकडे फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, विमानातून दिसण्याइतकी. आमच्या तलावात फॉस्फरस कुठून येतो हे शोधत मी आणि काका काठाने फिरलो. सोसायटीकडून एक पाइप, साबणाच्या फेसाचा. माशांना रोज कणकेच्या गोळ्या घालणारे आजोबा. विसर्जन. पीओपीत स्वतःत फॉस्फरस नसतो, पण त्यातलं सल्फेट कुजत्या गाळात लोहाला अडकवून गाळातला बांधलेला फॉस्फरस सुटायला मदत करू शकतं, म्हणून तेही निरुपद्रवी म्हणता येत नाही.

आणि मग गोठ्यामागे आलो. शेण-मूत धुतलेल्या पाण्याचा सिमेंटचा नीट बांधलेला पाट गोठ्यातून निघून कुंपणाखालून थेट घाटाच्या कडेला उतरत होता. मायक्रोसिस्टिसला हवेतला नायट्रोजन पकडता येत नाही, त्याला तयार नायट्रोजन लागतो. या पाटातून नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही मिळत होतं. काका बराच वेळ त्या पाटाकडे बघत राहिले. "हा वडिलांनी बांधला," म्हणाले. "पाणी तलावाला जातं, वाया जात नाही, असं ते सांगायचे."

पाट डिसेंबरात वळवला, आता तो शेणखताच्या खड्ड्यात जातो. सोसायटीचा पाइप तसाच आहे. थंडी पडल्यावर साय नाहीशी झाली, पण गेली नाही: पुंजके तळाच्या गाळात उतरून बसतात आणि पाणी तापलं की पुन्हा वर येतात.

पुढच्या वर्षी भाद्रपदात, गणपती बसायच्या आधी, सकाळी सव्वासातला काकांचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, वर्णी लागली. सोसायटीच्या भिंतीशी हिरवं दिसतंय. ध्वज अजून तिकडेच आहे. बाटली आत्ताच भरून ठेवू की तुम्ही येता?"

मी म्हटलं, हातमोजे घाला आणि भिंतीशीच भरा, मधलं नको.